आकडे ‘ठीक’ होते, पण रुग्ण ठीक नव्हता

वाचक परिचारिकेचे पत्र, थोडक्यात:

मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे आणि नोकरीला लागून दीड वर्ष झाले आहे. गेल्या महिन्यात नाइट ड्यूटीला असताना त्याच दिवशी दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालेला, साधारण 60 किलो वजनाचा एक रुग्ण माझ्याकडे होता. रात्री दहा, बारा आणि दोन वाजता मी केलेल्या नोंदी अशा होत्या: नाडी 86, 98, 112; रक्तदाब 124/78, 118/84, 112/88; श्वसन तिन्ही वेळा 18; ऑक्सिजन 97 टक्के; ताप नाही. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातला स्राव बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या नळीत, जेमतेम रक्त होते. ‘सिस्टर, मला कसंतरी होतंय,’ असे तो दोनदा म्हणाला. मी त्याला धीर दिला आणि चार्टवर ‘रुग्ण चिंतेत आहे’ असे लिहिले. सव्वादोनच्या सुमारास शेजारच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर काही कामासाठी आल्या. त्यांनी चार्टवर नजर टाकली, त्याचा हात हातात घेतला तो थंड लागला, श्वास मोजला तो 24 भरला, लघवीची पिशवी पाहिली तर दोन तासांत 30 मिली होती, आणि त्यांनी मला लगेच सर्जनना फोन करायला लावला. आत रक्तस्राव होत होता. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण वाचला. त्यांना दोन मिनिटांत जे दिसले ते मला चार तासांत का दिसले नाही? हे केवळ अनुभवानेच येते का? डॉक्टरांना रात्री उठवण्याइतके कारण आहे हे कसे ठरवायचे? की मी वॉर्ड सोडून ओपीडीत बदली मागावी?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्या सिस्टरांना जे दिसले त्यातले निम्म्याहून अधिक तुम्ही स्वतःच्या हाताने चार्टवर लिहून ठेवले होते. तुम्ही प्रत्येक आकडा घेतलात, तो सामान्य मर्यादेत बसतो का हे तपासलेत, आणि बसतो असे पाहून पुढच्या रुग्णाकडे गेलात. त्यांनी मात्र तोच आकडा त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्याशेजारी ठेवला आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री असे कशामुळे होऊ शकते, असा प्रश्न स्वतःला विचारला. परिचर्येतला निर्णय म्हणजे मुख्यतः हा प्रश्न होय, आणि तो विचारण्यासाठी वीस वर्षांची नोकरी व्हावी लागत नाही.

रक्तदाबाचे तुमचे तीन आकडे पुन्हा पाहा. वरचा आकडा 124 वरून 112 वर आला, म्हणजे फारसा उतरला नाही, म्हणून तुम्ही निश्चिंत राहिलात. पण खालचा आकडा त्याच वेळी 78 वरून 88 वर चढला आहे. दोन्हींतले अंतर काढले तर ते दहा वाजता 46, बारा वाजता 34 आणि दोन वाजता 24 होते. शरीरातून रक्त जाऊ लागले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होते. ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात आणि त्वचेकडच्या व हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे खालचा दाब वर जातो, हात थंड पडतात, आणि मूत्रपिंडांकडे रक्त कमी गेल्याने लघवी घटते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. त्यातले 15 टक्क्यांपर्यंत गेले तर बाहेरून फारसे काही जाणवत नाही. 15 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान नाडी आणि श्वसन वाढते, दाबांमधले अंतर आक्रसते, पण वरचा आकडा टिकून राहतो. तो ठळकपणे कोसळतो तो साधारण 30 टक्के, म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावर. वरच्या आकड्याची वाट पाहणारी परिचारिका, म्हणून, दीड लिटर रक्ताची वाट पाहत असते. ड्रेनमध्ये रक्त नसणे हाही पुरावा नव्हे, कारण ड्रेन गुठळीने बंद होऊ शकते किंवा रक्त साचत असलेल्या जागेपर्यंत ते पोहोचलेलेच नसते.

लघवीबद्दल एक सावधगिरी सांगते. प्रौढ रुग्णात ताशी, प्रत्येक किलो वजनामागे किमान अर्धा मिली लघवी अपेक्षित धरतात, म्हणजे तुमच्या रुग्णाला दोन तासांत निदान 60 मिली व्हायला हवी होती आणि झाली तिच्या निम्मी. शस्त्रक्रियेच्या ताणामुळेही पहिल्या रात्री लघवी कमी होते, त्यामुळे एकटी ही नोंद काही सिद्ध करत नाही. मात्र चढती नाडी, आक्रसलेले अंतर, वाढलेला श्वास, थंड हात आणि ‘कसंतरी होतंय’ या सगळ्यांच्या सोबतीला ती आली की तिचा अर्थ बदलतो. एकेक खूण वेगळी काढून तिचे निरुपद्रवी स्पष्टीकरण नेहमीच देता येते. त्या सगळ्यांचे मिळून एकच स्पष्टीकरण कोणते, हे शोधायचे असते.

आता श्वसनाबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहिते आहे. तिन्ही वेळा 18 ही नोंद वाचून मला तुमचा राग आला नाही, कारण अशी नोंद असंख्य चार्टवर सापडते. पण तीच मला सर्वांत धोकादायक वाटते. नाडी, दाब आणि ऑक्सिजन यंत्र सांगते, श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो, म्हणून घाईच्या रात्री तो अंदाजाने लिहिला जातो. वास्तविक रुग्ण बिघडू लागला की बदलणाऱ्या पहिल्या खुणांपैकी ही एक आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुप्फुसातली गुठळी, हृदयविकार, मधुमेहातला आम्लदोष, या सगळ्यांत श्वास आधी बोलतो. मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखे उभे राहा आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहा. रुग्णाला कळले की आपला श्वास मोजला जातो आहे तर तो बदलतो, म्हणून सांगू नका.

तुम्ही विचाराल की मग धोक्याची सूचना देणारे गुणांकन कशासाठी असते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) हे गुणांकन आणले, ज्यात नाडी, श्वसन, दाब अशी प्रत्येक खूण सामान्यापासून जितकी दूर तितके तिला जास्त गुण मिळतात, आणि 2017 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ‘न्यूज-2’ काढली. अनेक रुग्णालयांत ते किंवा तसेच एखादे वापरले जाते. तुमच्या रुग्णाला दोन वाजता ते लावून पाहू. नाडी 112 ला 2 गुण, बाकी तुमच्या नोंदींनुसार शून्य, एकूण 2. खरा श्वास 24 धरला तर आणखी 2, एकूण 4. तातडीने डॉक्टरांना बोलावण्याचा उंबरठा 5 चा आहे, किंवा एकाच खुणेला 3 गुण मिळाल्यास. म्हणजे श्वास बरोबर मोजूनही गुणांकनाने हाक मारली नसती, आणि तरीही तो रुग्ण आत रक्त गमावत होता. म्हणून गुणांकन टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. थकलेल्या परिचारिकेच्या हातून सुटलेले ते पकडते आणि फोनवर तिचे म्हणणे वजनदार करते. पण 5 च्या खाली असलेल्या रुग्णाला परिचारिकेने स्वतः तपासून ठरवावे, हेही त्याच पद्धतीत सांगितलेले आहे, आणि ते ठरवणे म्हणजे तुमचे काम.

रुग्णाची तुलना छापील मर्यादेशी करण्याआधी त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीशी का करायची, हे इतर आजारांतही पाहा. ज्याचा दाब नेहमी 160 असतो त्याला 112 हा सामान्य आकडा नव्हे, पडलेला दाब आहे. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी, गोळी घेणाऱ्या रुग्णाची नाडी रक्तस्रावातही चढेलच असे नाही. तिथे थंड हात, श्वास आणि लघवी यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. जुनाट फुप्फुसविकार असून कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी ऑक्सिजनचे लक्ष्य 88 ते 92 टक्के असते आणि ‘न्यूज-2’ मध्ये त्याच्यासाठी ऑक्सिजनच्या गुणांची वेगळी पट्टी दिलेली आहे. अशा रुग्णाला जास्त ऑक्सिजन मिळून आकडा 98 झाला, तो डोके दुखते म्हणाला आणि मग गुंगीत जाऊ लागला, तर सुधारलेला दिसणारा तो आकडाच बिघाडाचे कारण असू शकतो.

याच्याच जवळची दुसरी परिस्थिती म्हणजे मॉर्फिनसारखे औषध घेतलेला शांत झोपलेला रुग्ण. बोटाला लावलेले यंत्र रक्तातला ऑक्सिजन दाखवते, श्वास पुरेसा चालू आहे की नाही हे दाखवत नाही. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावूनही आकडा बराच वेळ चांगला राहतो. या औषधांत श्वास धोकादायकपणे मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. म्हणून वेदना थांबून झोपलेला रुग्ण आणि औषधाच्या अमलाखाली बुडत चाललेला रुग्ण यांतला फरक दाराशी उभे राहून कळत नाही. हाक मारा, डोळे उघडून नीट उत्तर दिले तर ठीक, पण बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोप लागली तर पुढचा डोस थांबवा, श्वास मोजा, त्याच्यापाशी थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. झोपमोड केल्याचा दोष पत्करावा.

एकच खूण दोन आजारांत विरुद्ध उपचार मागते, हे लक्षात न घेता केलेली घाई निष्काळजीपणाइतकीच महाग पडते. नाडी जलद, श्वास जलद, रुग्ण अस्वस्थ: रक्तस्रावात असे होते आणि हृदय कमकुवत पडून फुप्फुसांत पाणी साठले तरी असेच होते. पहिल्याला द्रव हवा, दुसऱ्याला तोच द्रव बुडवील. फरक रुग्णाच्या देहबोलीत सापडतो. हृदयाचा रुग्ण आडवा होऊ शकत नाही, उशा मागतो, उठून बसतो. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात, खोकल्यातून फेस येऊ शकतो, आणि मागच्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी काढल्या तर वजन दीड-दोन किलोंनी वाढलेले असते. रक्त गमावणारा रुग्ण उठवून बसवला की त्याला भोवळ येते. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करण्याचे काम कंटाळवाणे समजले जाते. हृदयाच्या रुग्णात ते काम म्हणजे अर्धे निदान आहे.

वयस्कर रुग्णांबाबत तर आपली सवय मुद्दाम मोडावी लागते. त्यांच्या जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही, उलट अंग गारही असू शकते. दिसतो तो गोंधळ. काल मुलीला नावाने हाक मारणाऱ्या बाई आज तिला ओळखत नाहीत, किंवा एरवी कुरकुर करणारे आजोबा आज निमूट पडून आहेत आणि ताटाला हात लावत नाहीत. दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात आणि गप्प पडलेल्याला ‘आज शांत आहेत’ असे ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये सांगितले जाते. नव्याने आलेल्या गोंधळाला ‘न्यूज-2’ एकदम 3 गुण देते, म्हणजे तेवढ्यावरच डॉक्टरांना बोलवायचे. ते येईपर्यंत ऑक्सिजन, साखर, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता आणि नव्याने सुरू झालेली औषधे तपासून ठेवा. ‘वयामुळे होते’ हे वाक्य सगळी कारणे पाहून झाल्यानंतरचे आहे, आधीचे नव्हे. हे नेहमीचे वागणे आहे की नवे, हे कुटुंबातल्या माणसाइतके कुणालाच ठाऊक नसते. त्याला विचारायला संकोचू नका.

अचानक बदललेल्या वागण्यात साखर तपासायची, हे सर्व वयांना लागू आहे. रक्ताच्या दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर तोंडाने द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे; 54 च्या खालचा आकडा गंभीर समजावा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत धडधड आणि कापरे झाकले जातात, पण घाम बहुधा राहतो. कमी साखरेने पक्षाघातासारखी लक्षणेही दिसू शकतात. खरा पक्षाघात असेल तर मात्र तुमची सर्वांत मौल्यवान नोंद ही की रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक नक्की किती वाजता दिसला होता, कारण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची नेहमीची साडेचार तासांची मुदत त्या वेळेपासून मोजतात. मधुमेहींच्या हृदयविकारात छातीत दुखेलच असे नाही. अकारण घाम, धाप किंवा मळमळ दिसली तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा.

आता ‘रुग्ण चिंतेत आहे’ या तुमच्या नोंदीकडे येते. चिंता हे निदान शेवटी करावे. मेंदूला ऑक्सिजन किंवा रक्त कमी पडू लागले की माणूस बेचैन होतो, आणि त्याला ते नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. तो ‘कसंतरी होतंय’ एवढेच म्हणतो. एकदा आपण चिंता असे नाव दिले की पुढच्या सगळ्या खुणा आपण त्याच नावाखाली घालत जातो: नाडी वाढली, कारण तो घाबरला आहे, झोप नाही, कारण तो घाबरला आहे. आपले मन पहिल्या स्पष्टीकरणाला चिकटून बसते, ही अनुभवी माणसांचीही खोड आहे. त्यावर मला माहीत असलेला उपाय असा की, सौम्य कारण मनात आले की लगेच सर्वांत वाईट कारण कोणते असेल ते ठरवायचे आणि तसे असते तर अजून काय दिसले असते ते जाऊन पाहायचे. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत एवढ्यासाठी हात धरून पाहणे आणि पिशवीकडे नजर टाकणे पुरले असते.

अनुभवाबद्दलचा तुमचा प्रश्न रास्त आहे. परिचर्येच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1980 च्या दशकात नवख्या परिचारिकेपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पायऱ्या मांडल्या आणि निष्णात परिचारिका संपूर्ण परिस्थिती एका नजरेत ओळखते हे दाखवले. त्याच क्षेत्रातल्या क्रिस्टीन टॅनर यांनी 2006 मध्ये अशा निर्णयाचे चार टप्पे सांगितले: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर त्यावर विचार करणे. त्यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी तुमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. एक, परिचारिकेचा निर्णय बराचसा तिला तो रुग्ण माणूस म्हणून किती ठाऊक आहे यावर उभा असतो. दुसरी, विचार करण्याची सुरुवात बहुतेकदा निर्णय चुकल्यापासून होते. नुसती वर्षे घातल्याने हे येत नाही. पंधरा वर्षे तिन्ही वेळा 18 लिहीत राहणेही शक्य आहे. तुम्ही आकड्यांसकट पत्र लिहून विचारलेत, म्हणजे चौथा टप्पा सुरू झाला आहे.

डॉक्टरांना उठवण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. निदान झाल्याशिवाय फोन करायचा नाही ही समजूत काढून टाका. तुमच्याकडे बदलाची दिशा आणि रास्त शंका असली की पुरे. समोरचा चिडेल ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच बोलणे आधी जुळवून घ्यावे लागते. आरोग्यसेवेत ‘एसबार’ नावाने रूढ झालेला क्रम उपयोगी आहे: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचे मूल्यमापन, तुमची मागणी. तुमचा फोन असा झाला असता: “सर, बेड सातच्या रुग्णाबद्दल बोलते आहे, मला आतल्या रक्तस्रावाची शंका येते. आज दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. दहापासून नाडी 86 वरून 112 वर गेली आहे, रक्तदाब 124/78 होता तो 112/88 आहे, श्वसन 24, हात थंड आहेत, दोन तासांत लघवी 30 मिली. ड्रेनमध्ये फारसे काही नाही, पण रुग्णाची स्थिती खालावते आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावे. तोपर्यंत रक्त जुळवण्यासाठी, क्रॉसमॅचला, नमुना पाठवू का, आणि सलाइनचा वेग काय ठेवू?” यात कुठेही माफी नाही आणि ‘जरा बघाल का’ असेही नाही. उत्तर टाळाटाळीचे आले तर कोणत्या वेळी काय सांगितले ते लिहून ठेवा, इनचार्ज सिस्टरांना कळवा आणि त्यांच्याकरवी वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत जा. ही कुरघोडी नव्हे, रुग्णाप्रती असलेले कर्तव्य आहे. आणि तुम्ही बोलावले, डॉक्टर आले आणि काही निघाले नाही, तर तो फोन वाया गेला असे समजू नका.

ओपीडीत बदली मागू नका, निदान या कारणासाठी तरी नको. तिथे रुग्ण काही मिनिटेच दिसतो, आधीच्या दोन तासांच्या नोंदी हाताशी नसतात आणि एका नजरेत ठरवावे लागते. तुम्हाला जे अवघड जाते आहे ते तिथे सोपे होणार नाही. त्याऐवजी त्या सीनियर सिस्टरांकडे जा आणि त्या रात्री कोणत्या क्रमाने काय मनात आले ते त्यांच्याकडून सविस्तर ऐकून घ्या; त्यांना बहुधा बरेच आठवत असेल. मग रोज ड्यूटी सुरू होताना, हँडओव्हर संपल्यावर, प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे स्वतःसाठी दोन गोष्टी लिहा: आज रात्री याचे सर्वांत वाईट काय होऊ शकते, आणि तसे झाले तर पहिली खूण कोणती दिसेल. राउंड घेताना आधी ती खूण पाहा, मग चार्ट भरा. सकाळी जाण्यापूर्वी तुमचा अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेले ताडून पाहा आणि जिथे फरक पडला तो रुग्ण डॉक्टरांच्या राउंडमध्ये थांबून समजून घ्या. पहिले काही दिवस यात वेळ जाईल आणि यादी अपुरी वाटेल, तरी ती लिहीत राहा. दोन महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिहा आणि त्यात तुमच्या एखाद्या रात्रीची यादी पाठवा. रुग्णांची नावे मात्र काढून टाका.